देवळालीचा ताप

"मामा, टॅपरूमला जाऊया," भाचा म्हणाला आणि मला ऐकू आलं 'तापरूम'. वयाचा दोष, दुसरं काय. टॅपरूम म्हणजे नळातून ताजी बिअर देणारी जागा.

पण मी नाशिकरोडचा. टॅप आणि ताप यांची गाठ आमच्या देवळालीतच पडली, हे मला ठाऊक होतं. इंग्रजांच्या काळात मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत देवळालीच्या छावणीत पडून असायचे. जहाजं सुटायची हिवाळ्यात. ज्याची मुदत एप्रिलात संपली, त्याने करायचं काय? ना काम, ना कवायत, वर ऊन. माणसं भ्रमिष्टासारखी वागायला लागायची. त्याला ते 'डूलाली टॅप' म्हणत. डूलाली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला साधा ताप. पुढे टॅप गळला, डूलाली उरलं. 2009 साली पुण्यात निघालेल्या, देशातल्या अगदी पहिल्यांपैकी एका मायक्रोब्रुअरीने, म्हणजे बिअर गाळणाऱ्या छोट्या कारखान्याने, तेच नाव घेतलं. हे सगळं मी भाच्याला रिक्षात सांगितलं. तो मोबाइल बघत होता.

आपल्या महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो आणि तोही, कायद्याच्या भाषेत, प्रकृती सांभाळण्यासाठी. म्हणजे तापरूमच की!

आत काचेपलीकडे स्टीलच्या उंच टाक्या. दुपारची वेळ, गिऱ्हाईक तुरळक. त्या दिवशी नवा घाणा लावलेला असावा, कारण दार ढकललं आणि एक वास आला. ऊन, गोडसर, पिठूळ. मी तिथेच थबकलो. हा वास माझ्या ओळखीचा होता, आणि तो बिअरचा नव्हता.

आजी नाचणी भिजवायची, पंचात बांधून खुंटीला टांगायची. मोड आले की सावलीत वाळवायची, मंद भाजायची, जात्यावर दळून वस्त्रगाळ करायची. सत्त्व. ते आम्हाला एरवी मिळत नसे. ताप आला की मिळे, दूध-गूळ घालून, पितळी वाटीत. त्या वाटीसाठी मी एकदा थर्मामीटर कंदिलाच्या काचेला लावला होता. पारा इतका चढला, की आजीने तो झटकून काही न बोलता मला शाळेत धाडलं.

इथेही तेच. सातूला मोड आणायचे, वाळवायचे, भाजायचे. तेच माल्ट. इथे ते भरडून साधारण 65 अंशांच्या पाण्यात मुरवतात, धान्यातल्या पिठाची साखर होते आणि पुढचं काम यीस्टचं. आजी यीस्टच्या एक पायरी अलीकडे थांबायची, इतकंच. हे तिला ऐकवलं असतं तर पंचा माझ्याच पाठीवर बसला असता.

पोऱ्याने लाकडी फळीवर चार छोटे पेले आणून ठेवले. मला असलं चाखणं जमत नाही; ताटात चार वाट्या असल्या की मी एकच संपवतो. काळी होती, ती उचलली. करपलेल्या भाकरीसारखी कडू आणि मागून पुन्हा ते सत्त्व.

शेवटच्या दुखण्यात आजीने सत्त्व मागितलं होतं. घरात कुणाला करता येत नव्हतं, मग आम्ही दुकानातून डबा आणला. तिने एक घोट घेतला आणि वाटी सरकवली.

"कशी आहे, मामा?" भाच्याने विचारलं.

"ताज्या दळणाची आहे," मी म्हटलं.