समन्वयकाच्या जबाबदाऱ्यांची ओढाताण

१९८९ साली नाशिकमध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात शिकणारा विद्यार्थी बहुधा नोकरी, शेती किंवा घर सांभाळूनच शिकतो, आणि तिथूनच माझ्यासारख्या शिक्षणक्रम समन्वयकाच्या ओढाताणीला सुरुवात होते. द्राक्षबागांच्या ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत निफाड-दिंडोरीकडचे विद्यार्थी रविवारच्या सत्राला येऊ शकत नाहीत, असे अभ्यासकेंद्रावरचे संमंत्रक, म्हणजे तिथे विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणारे शिक्षक, सांगतात तेव्हा त्यांचे म्हणणे मला मनापासून पटते. परंतु गृहपाठाची मुदत वाढवली की गुणनोंदणी लांबते, आणि गुणनोंदणी लांबली की निकाल अडकून नोकरीसाठी गुणपत्रिकेची वाट पाहणाऱ्या दुसऱ्याच विद्यार्थ्याचे नुकसान होते. म्हणून गृहपाठाच्या मुदतीला आणि परीक्षेच्या तारखेला मी हात लावत नाही, सत्रांचे दिवस मात्र पूर्णपणे संमंत्रकांवर सोपवतो. वरिष्ठांना ही मोकळीक कधी कधी जास्त वाटते. मला ती आवश्यक वाटते.

बैठका आणि अहवाल चुकत नाहीतच. तरीही समन्वयकाने निदान एक विषय स्वतः शिकवावा, असे माझे ठाम मत आहे. उत्तरपत्रिका तपासताना पाठ्यपुस्तकातल्या एकाच घटकाशी अनेकांची लेखणी अडखळलेली दिसली की तो घटक नव्याने लिहिण्याची मागणी अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यासमंडळापुढे पुराव्यासह मांडता येते.