पिशवी कुणी सांभाळायची?

ऑगस्टमध्ये इमॅजिका थीम पार्कला पुन्हा जायचं ठरलं, तेव्हा आदल्या रात्री मी कॅमेऱ्याचं सगळं सामान स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवलं. निकॉन डी५६०० बॅटरी-कार्डासकट ४६५ ग्रॅम, १८-१४० ची लेन्स ४९०, लांबचं जवळ आणणारी ७०-३०० ची ४१५ आणि ३५ मिलिमीटरची चिमुकली लेन्स २००. दीड किलोच्या वरच गेलं. ट्रायपॉड, फ्लॅश, चार्जर आणि खुद्द बॅग धरली की काटा चार किलोला टेकत होता.

वजन करायची खरं तर गरज नव्हती. मे महिन्यात हीच बॅग आम्ही नेली होती, आणि दिवसभर ती कोणी सांभाळली ते मला चांगलं आठवत होतं.

मे महिन्याचं आधी सांगते. डोंबिवलीहून पहाटे निघालो, एक्स्प्रेसवे सोडून खोपोली-पाली रस्त्याला लागलो. गाडीत नवरा, बारा वर्षांची लेक, नऊ वर्षांचा भाचा आणि माझी आई. आई ६६ वर्षांची आहे, गुडघे कुरकुरतात, पण फिरायचं म्हटलं की सगळ्यांच्या आधी तयार.

लेकीला आल्या आल्या नायट्रोवर बसायचं होतं. या रोलर कोस्टरला पायाखाली तळच नाही, पाय लोंबकळत असतात आणि गाडी पाच वेळा उलटी होते. बरोबर सुटं काही न्यायचं नाही, आणि ते बरोबरच आहे. पहिल्या फेरीला बापलेक गेले. मी खाली उभी राहून ७०-३०० ने फोटोंचा सपाटा लावला. मग लेक म्हणाली, "आई, आता तू चल ना माझ्याबरोबर." भाचा माझ्या नवऱ्याचा हात ओढत दुसऱ्या राइडकडे निघाला होता. मी बॅग आईच्या मांडीवर ठेवली. "आई, इथेच बस हं, आलोच आम्ही."

सुट्टीचे दिवस, मरणाची गर्दी. आमचं 'आलोच' पावणेदोन तासांचं झालं.

परत आलो तेव्हा आई त्याच बाकावर होती. बसली तेव्हा तिथे झाडाची सावली होती. सावली कधीच पलीकडे सरकली होती आणि आई भर उन्हात बसली होती. बॅगेचा पट्टा तिने मनगटाला दोन वेढे देऊन धरला होता. आणि स्वतःचा पदर काढून, दुहेरी घडी करून, बॅगेवर पसरला होता. डोक्यावर नाही, बॅगेवर.

"अगं, सावलीत का नाही गेलीस?"

"तू इथेच बस म्हणालीस ना. शोधत बसला असतात मला. आणि ही पिशवी उचलून नेताना कुठे आपटली तर? केवढ्याची आहे ती." मग जरा थांबून म्हणाली, "कॅमेऱ्याला ऊन लागू नये म्हणतेस ना तू?"

म्हणते मी तसं. घरात सगळ्यांना दटावते. पट्टा सोडवला तेव्हा तिच्या मनगटावर लाल वळ उमटला होता, खालची शिवण जशीच्या तशी. त्यानंतरचा दिवस काय केलं, काय खाल्लं, मला फारसं सांगता येणार नाही. घरी येऊन फोटो चाळले. नायट्रोचे शंभरावर. त्यातली माणसं तांदळाच्या दाण्याएवढी, आपली कोणती ते मोठं करून शोधावं लागत होतं. आईचा एकही नाही.

म्हणून ऑगस्टच्या आदल्या रात्री तो वजनकाटा. जे सामान राइडच्या वेळी कुणातरी माणसाच्या मांडीवर ठेवावं लागेल, ते घरी राहील, एवढंच मी ठरवलं. ७०-३०० पहिली बाजूला गेली. ट्रायपॉड पार्कमधल्या संध्याकाळच्या रथांच्या मिरवणुकीसाठी नेते असं मी स्वतःला सांगत आले होते, पण ट्रायपॉडने माझा हात स्थिर होतो, समोरून नाचत जाणारा माणूस नाही. फ्लॅशचा उजेड फार लांब पोचत नाही आणि रथांवरच्या दिव्यांची सगळी मजा घालवतो. १८-१४० सोडताना मात्र जीव वरखाली झाला, कारण तिच्यात सगळंच बसतं. पण झूम केलं की तिचं उजेड आत घेणारं छिद्र एफ/५.६ एवढं लहान होतं आणि ३५ ची छोटी एफ/१.८ ला उघडते, म्हणजे जवळजवळ दसपट उजेड. शेवटी बॉडी आणि ३५. ६६५ ग्रॅम. झिपच्या जाड पिशवीत घालून लेकीच्या दप्तरात, दप्तर लॉकरमध्ये.

पावसाळ्यात त्या झिपच्या पिशवीचं मोल फार आहे. थंडगार एसी हॉलमधून बाहेरच्या दमट हवेत कॅमेरा काढला की काचेवर दव धरतं, आणि पुसलं की पुन्हा धरतं. कॅमेरा थंड हवेतच पिशवीत बंद करायचा आणि बाहेर आल्यावर वीसेक मिनिटं तसाच राहू द्यायचा. दव पिशवीवर बसतं, लेन्स कोरडी राहते.

त्या दिवशी सह्याद्री ढगात बुडाला होता आणि गर्दी निम्म्यावर. राजासॉरस या पाण्यातल्या राइडच्या नावेत आई माझ्या शेजारी बसली. राजासॉरस हा डायनासोर खरोखरचा आपल्याकडचा, हाडं गुजरातेत रहिओलीला सापडली आणि २००३ साली नाव ठेवलं राजासॉरस नर्मदेन्सिस. हे मी तिला सांगत होते तोवर होडी वरून खाली सुटली आणि आईने माझा दंड असा धरला की नखं रुतली. बाहेर आलो तेव्हा दोघी चिंब. ती पदर पिळत होती, चष्म्यावर थेंब, आणि म्हणाली, "परत जाऊया का?" परत गेलो. गुडघ्यांचं नाव नाही.

संध्याकाळी मिरवणूक सुरू झाली. मी लॉकरमधून कॅमेरा आणला, आयएसओ १६००, शटर १/२५० लावलं आणि चार फोटो काढले. आई बघत होती. "आण इकडे," म्हणाली, "तुझा फोटो कोण काढतं?"

मे महिन्यात तिने तो बॅगेत बंद असताना सांभाळला होता, हातात कधी घेतला नव्हता. मी पट्टा तिच्या गळ्यात घातला. "इथे अर्धंच दाब. बीप वाजलं की पूर्ण." आम्ही चौघं रथाकडे पाठ करून उभे राहिलो. आईने एक डोळा मिटला, कोपर पोटाशी घट्ट धरलं आणि बीप वाजायची वाट पाहत राहिली. मागून रथ पुढे गेला, दुसरा आला, भाचा चुळबुळायला लागला. ती म्हणाली, "हलू नका रे, वाजायचंय अजून."

मग वाजलं.