आवाज बसला त्या दिवशी

दोन दिवस घसा खवखवत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी आवाजच फुटेना. रजा टाकावी असं वाटलं, पण सहावीचे सलग दोन तास होते आणि महिनाभर चाललेलं हॉकीचं काम आता कुठे पासपर्यंत आलं होतं. या वयात आठवडाभराचा खंड पडला की मुलांच्या हातातली स्टिक पुन्हा झाडूसारखी फिरायला लागते. म्हणून गळ्यात शिट्टी अडकवली, हातात एक छोटा फळा घेतला आणि मैदानावर गेलो.

आधी थोडं मागचं सांगायला हवं. वर्गात 40 मुलं आणि स्टिक 22. पहिले दोन आठवडे आम्ही फक्त पकड केली. डावा हात स्टिकच्या मुठीच्या अगदी टोकाला, उजवा त्याच्याखाली दीड वीत अंतरावर. स्टिक फिरवायचं काम डाव्या हाताचं. उजव्या हाताच्या मुठीतून ती सैलपणे फिरली पाहिजे. हे सांगायला सोपं असलं तरी मुलांच्या हातात उतरायला वेळ लागतो, कारण उजव्या हाताने घट्ट आवळायची सवय सगळ्यांनाच असते. वर्गात तीन डावखुरी मुलं आहेत. हॉकीत डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिक नसते. सगळ्यांची एकाच घडणीची, डाव्या बाजूने सपाट, आणि मागची गोल बाजू चेंडूला लावली की फाउल. हे कळल्यावर ती तिघं हिरमुसली होती. पण सगळं वळण वरच्या डाव्या हाताकडे असतं, त्यामुळे चौथ्या तासाला त्यांचीच स्टिक सर्वांत हलकी फिरू लागली. हे मी मुद्दाम वर्गाला दाखवलं.

मग पुश. मी फटका आधी शिकवत नाही. बॅट धरून मोठी झालेली मुलं स्टिक खांद्यापर्यंत मागे उचलतात, आणि एवढ्या गर्दीत ते धोक्याचं असतं. पुशमध्ये स्टिक मागे न्यायचीच नसते. चेंडू आधीपासून स्टिकला चिकटलेला असतो आणि तिथूनच ढकलायचा. डावा खांदा ज्याला द्यायचं त्याच्याकडे, गुडघे वाकलेले, वजन उजव्या पायावरून डाव्या पायावर, आणि शेवटी स्टिकचं टोक पास गेला त्या दिशेला. नीट केलेल्या पुशचा आवाज जवळजवळ येत नाही. चेंडूवर स्टिक आपटल्याचा टक् आवाज आला तर समजायचं की मध्ये फट राहिली होती.

समोरासमोर दोन रांगा करून पाच-सहा मीटरवर हे सगळं छान चालत होतं. पण मध्ये एक अडवणारा उभा केला की सगळं कोसळायचं. मुलं मान खाली घालून चेंडूकडे बघत राहायची, घाबरून कुठेतरी ढकलून द्यायची. त्यावर मी उपाय काढला होता तो आवाजाचा. 'मागा! नाव घेऊन मागा! जो मागेल त्याला द्या!' मी स्वतः हद्दीवरून सतत ओरडत असायचो. काही दिवस बरं वाटलं, कारण मैदान जिवंत वाटायचं. पण चेंडू चार-पाच मुलांमध्येच फिरायचा. त्यांचा आवाज मोठा होता एवढंच.

आणि एक मुलगी होती. मुळातच अबोल. वर्गात हजेरीलासुद्धा नुसता हात वर करणारी. खेळात ती कडेला उभी असायची, पळायची, परत यायची, आणि तास संपेपर्यंत तिच्या स्टिकला चेंडू लागलेला नसायचा. माझ्या वहीत तिच्या नावापुढे मी लिहिलं होतं, 'सहभाग कमी.' तीन वेळा. पेनाने.

त्या दिवशी फळ्यावर मी पहिली ओळ लिहिली, 'आज कोणीही बोलायचं नाही. मीसुद्धा नाही.' मुलं हसली. मग लक्षात आलं, न बोलता पास मागायचा कसा? म्हणून तिथल्या तिथे दुसरी ओळ लिहिली. 'चेंडू हवा असेल तर जिथे हवा तिथे स्टिक जमिनीला टेकवून दाखवा.' तिसरी ओळ मोजणीची होती. आतापर्यंत आम्ही दिलेले पास मोजायचो. आज समोरच्याने थांबवला तरच पास धरायचा, निसटला की पुन्हा शून्यापासून.

आठ मीटरचे चौकोन, कोपऱ्यांवर शंकू. प्रत्येक चौकोनात देणारे चार आणि अडवणारा एक. उरलेली मुलं बाहेर बसून मोजणार.

पहिली दहा मिनिटं वाया गेली असंच वाटत होतं. तोंडावर हात, दाबलेलं हसू, चेंडू रिकाम्या जागेत. एका चौकोनात तर कोणी स्टिक टेकवेच ना. त्यात एक चेंडू पाठमोऱ्या मुलाच्या घोट्यावर बसला. एरवी कोणीतरी ओरडून सावध केलं असतं. नियमातला चेंडू 156 ते 163 ग्रॅमचा आणि दगडासारखा टणक असतो. आम्ही हलका प्लॅस्टिकचा वापरतो म्हणून नुसतं चोळण्यावर निभावलं. शिट्टी वाजवून सगळ्यांना थांबवलं आणि फळ्यावर भर घातली, 'सांभाळ' एवढा एक शब्द ओरडायची परवानगी. ही सूट मी सुरुवातीलाच द्यायला हवी होती. सुरक्षिततेच्या बाबतीत गप्प बसा असं मुलांना कधीही सांगू नये.

मग ते घडलं. वर्गातला सर्वांत जोरकस मुलगा, ज्याची मान कधी वर होत नाही, त्याच्याकडे चेंडू होता. अडवणारा अंगावर आला. रोज अशा वेळी तीन बाजूंनी आपल्या नावाचा पुकारा ऐकायची त्याला सवय. आज काहीच ऐकू येईना. तो थबकला आणि त्याने मान वर केली. महिन्यात पहिल्यांदा मी त्याला चेंडू स्टिकवर असताना समोर बघताना पाहिलं.

समोर ती मुलगी होती. अडवणाऱ्याच्या मागे झाकली गेली होती, तिथून दोन पावलं बाजूला सरकून बाहेर आली होती. स्टिक उजव्या पायापुढे टेकवलेली, सपाट बाजू त्याच्याकडे उघडी. त्याने ढकलला, आणि त्याच्या ताकदीप्रमाणे जरा जास्तच जोरात. आमचं मैदान मातीचं. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून मोठी हॉकी कृत्रिम गवतावर गेली, तिथे चेंडू सरळ घरंगळत येतो. आमच्याकडे तो शेवटच्या पावलाला हमखास उडी घेतो. मला वाटलं, हा तिच्या स्टिकवरून जाणार. तिने स्टिकची मूठ थोडी पुढे झुकवली, त्यामुळे उसळलेला चेंडू खालीच दाबला गेला, आणि चेंडू लागता लागता स्टिक वीतभर मागे घेतली. चेंडू तिथेच मेला. एक इंचही पुढे गेला नाही.

हे दोन्ही मी शिकवलं होतं. मूठ पुढे, हात सैल, चेंडूला धक्का द्यायचा नाही, त्याला सामावून घ्यायचं. पण खेळात तिच्याकडे चेंडू कधी गेलाच नव्हता, त्यामुळे ते तिला येतं हे मला माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता.

पुढची वीस मिनिटं मी फक्त त्या चौकोनाजवळ उभा होतो. पास देऊन झाला की ती उभी राहत नव्हती, लगेच नव्या जागी सरकून स्टिक टेकवत होती. बाकीच्यांना कळायला लागलं की हिच्याकडे दिला की चेंडू परत मिळतो. आमचा सलग सातच्या वर कधी आकडा गेला नव्हता. त्या दिवशी तो चौकोन चौदापर्यंत पोचला. बाहेर मोजणारी मुलं बोटं वर करून आकडे दाखवत होती, कारण बोलायचं नव्हतं.

तास संपल्यावर घोगऱ्या आवाजात तिला विचारलं, "इतके दिवस का नाही मागितलास चेंडू?"

ती बराच वेळ स्टिकच्या टोकाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सर, कोण कुठे मोकळं आहे ते मला दिसतं. पण नाव घ्यायला जाईपर्यंत चेंडू गेलेला असतो."

रात्री हे बराच वेळ डोक्यात फिरत होतं. आवाजाने कळतं ते 'कोणाला'. 'कुठे' ते कळत नाही. ओरडणारा मुलगा अडवणाऱ्याच्या मागे झाकलेला असला तरी ओरडतोच, आणि चेंडू देणारा कानावर भरवसा ठेवून मान खालीच ठेवतो. टेकवलेली स्टिक मात्र नेमकी जागा दाखवते. ती दिसायची असेल तर देणाऱ्याला मान वर करावीच लागते, आणि दाखवायची असेल तर घेणाऱ्याला आधी मोकळ्या जागेत यावं लागतं. मी इतके दिवस पास म्हणजे देणाऱ्याचं कौशल्य म्हणून शिकवत होतो. वजन, खांदा, दिशा, सगळं त्याचंच. घेणाऱ्याने चेंडू येण्याच्या आधी काय करायचं, यावर माझा एकही तास झाला नव्हता.

आवाज मी मोडीत काढलेला नाही. पूर्ण मैदान 91.40 मीटर लांब आणि 55 मीटर रुंद असतं. तिथे पाठीमागून येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याची खबर द्यायला हाक लागतेच. चार दिवसांनी घसा सुटला तेव्हा मुलांची हाकाटीही परत आली. त्या जोरकस मुलाची मान दडपण आलं की अजूनही खाली जाते. पण हॉकीच्या प्रत्येक तासाची पहिली दहा मिनिटं आता बिनआवाजाची असतात, 'सांभाळ' सोडून.

वहीतले ते तीन शेरे मी खोडले आणि एक नवा रकाना आखला, 'चेंडू नसताना.' तो भरणं फार अवघड आहे. डोळे सारखे चेंडूमागे ओढले जातात, त्यांना धरून ठेवावं लागतं. एका तासात सहा मुलांपुरतंच जमतं. उद्या सातव्या हजेरी क्रमांकापासून पुढे बघायचं आहे.