पाच मिलिमीटरची कडी

महागड्या स्पोर्ट्स घड्याळांचा विषय निघाला की गाडी लगेच पाण्यात किती मीटर चालतं, मूव्हमेंट म्हणजे आतलं यंत्र कुठलं आणि शोरूमवाला किती वर्षं थांबवतो ह्यावर जाते. मला विचाराल तर रोजच्या वापरात ह्या सगळ्यापेक्षा जास्त कामाला येणारी गोष्ट बकलच्या आत दडलेली असते, चेन थोडी लांब करणारी ती छोटी कडी. आणि गंमत म्हणजे बऱ्याच मालकांना ती आहे हेच माहीत नसतं, घड्याळ वर्षानुवर्षं वापरतात पण ती कडी कधी उघडलेलीच नसते.

एक्स्टेंशन लिंक, म्हणजे हीच लांब करणारी कडी, म्हटलं की दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी होते, ती आधी सोडवू. एक असते डायव्हरवाली, ती घड्याळ पाणबुड्याच्या सूटवरून बांधता यावं म्हणून. दुसरी असते आरामासाठीची, जी फक्त मनगट फुगलं तर चेन जराशी सैल करायला. दोन्ही एकाच बकलमध्ये असू शकतात पण काम अगदी वेगळं.

आधी डायव्हरवाली बघू कारण तिचं गणित मला फार आवडतं. समजा हातावर ३ मिमी जाडीचा रबरी सूट चढवला. जाडी सगळीकडून वाढते, म्हणजे त्रिज्या ३ मिमीने वाढली, आणि घेर वाढला २ गुणिले पाय (३.१४) गुणिले ३, साधारण १९ मिमी. शाळेतलं वर्तुळ, दुसरं काही नाही. आता रोलेक्सच्या सबमरिनर ह्या डायव्हर घड्याळाला जी ग्लाइडलॉक नावाची सिस्टीम असते ती साधारण २ मिमीच्या खाचांनी सरकत सरकत एकूण २० मिमीपर्यंत वाढते. १९ लागतात, २० दिलेत. पुढे जाऊ, थंड समुद्रातला ७ मिमीचा जाड सूट घ्या, घेर वाढतो ४४ मिमीने. तर रोलेक्सच्याच डीपसी आणि सी-ड्वेलरला ग्लाइडलॉकच्या जोडीला फ्लिपलॉक नावाची एक घडीची कडी असते, ती उघडली की आणखी २६ मिमी मिळतात. २० अधिक २६, ४६. म्हणजे हे आकडे कोणी हवेतून काढलेले वाटत नाहीत, सूटच्या जाडीवरून उलटं मोजत आल्यासारखे दिसतात. मी पहिल्यांदा हे कागदावर मांडलं तेव्हा जाम खूश झालो होतो, घरच्यांना दाखवलं तर कोणी फार लक्ष दिलं नाही ते सोडा.

पण इथेच संपत नाही. हा सूट ज्या निओप्रीन रबराचा असतो त्यात बारीक बारीक वायूचे बुडबुडे असतात, म्हणूनच सूट उबदार असतो. दहा मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो, वीस मीटरला तिप्पट, बुडबुडे दबतात आणि सूट पातळ होतो. म्हणजे बोटीवर घट्ट बांधलेलं घड्याळ खाली गेल्यावर हातावर गोल गोल फिरायला लागतं, आणि पाणबुड्याला तर वेळ बघायचीय ना, हवा किती वेळ पुरणार त्याचा प्रश्न आहे. ह्यावर सेकोने १९७५ च्या ६०० मीटरवाल्या डायव्हर घड्याळात रबरी पट्ट्यालाच भात्यासारख्या घड्या टाकल्या, सूट दबला की पट्टा आपोआप आकसतो. स्टीलमध्ये तेच काम ट्यूडरने (रोलेक्सचीच बहीण कंपनी) पेलागोस ह्या डायव्हर घड्याळाच्या बकलमध्ये स्प्रिंग बसवून केलं, म्हणजे चेन हाताबरोबर थोडी आत-बाहेर होत राहते.

स्प्रिंगवरून आठवलं, आपल्याकडे एचएमटीला लावायचे ते स्प्रिंगचे पट्टे आठवतात का? माझ्या काकांकडे होता, बकल वगैरे भानगडच नाही, ताणून हात घालायचा आणि काढताना मनगटावरचे दोन-चार केस सोबत घेऊन यायचा. ती कल्पना काही फक्त स्वस्तातली नव्हती हां, पन्नासच्या दशकात रोलेक्सच्या ऑइस्टर चेनमध्येसुद्धा कड्यांच्या आत स्प्रिंग असलेला ताणणारा प्रकार मिळायचा.

आता खरं सांगायचं तर हे डायव्हरवालं प्रकरण आपल्यापैकी कोणाच्या कामाचं? तारकर्लीला स्कूबाला जाणाऱ्याला ७ मिमीचा सूट लागतच नाही, पाणीच एवढं कोमट. आणि सबमरिनर घालून तारकर्लीला उडी मारणारा माणूस मला तरी अजून भेटायचाय.

आपल्या कामाची ती दुसरी, आरामाची कडी. मनगट दिवसभर एकाच मापाचं राहत नाही. उकडायला लागलं की अंगातली उष्णता बाहेर टाकायला कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, हात जरा फुगतो, वर खारट खाल्लं असेल किंवा विमानात तासन् तास बसून आला असाल तर अजून. सकाळी थंडीत बरोबर बसलेलं घड्याळ एप्रिलमध्ये दुपारी मनगटावर वळ उठवतं. चामड्याचा पट्टा असेल तर एक भोक सोडलं की झालं, पायजम्याची नाडी सैल करावी तसं. स्टीलच्या चेनला ती सोय नाही, अख्खी कडी घातली की सैल, काढली की घट्ट. जुन्या बकलांना कडेला भोकं असायची आणि स्प्रिंगबार, म्हणजे चेन अडकवणारी बारीक स्प्रिंगची काडी, टोचून एका भोकातून दुसऱ्यात सरकवायला लागायचा, पण त्याला टोकदार काहीतरी हाताशी पाहिजे, चालू मीटिंगमध्ये कोण करत बसणार.

रोलेक्सची ईझीलिंक ह्यासाठीच. बकल उघडायचं, आत एक कडी दुमडून ठेवलेली असते, ती नखाने बाहेर काढायची, बकल लावायचं, चेन ५ मिमी लांब. बास. वरचंच गणित उलटं केलं तर ५ मिमी घेर म्हणजे मनगटाच्या भोवती जेमतेम ०.८ मिमीची मोकळीक. कागदावर काहीच नाही, पण हातावर घालून बघा, वळ उठणं आणि न उठणं ह्यातला फरक तेवढाच आहे. ट्यूडरची टी-फिट त्याहून मला आवडते, पाच पायऱ्या आणि एकूण ८ मिमी, कसलंही हत्यार नको. ओमेगाच्या सीमास्टर डायव्हरमध्ये बकलच्या आत बटण दाबून सरकवायचं, आणि वर डायव्हरवाली कडीपण वेगळी.

आणि आता माझी खरी तक्रार. जेवढं घड्याळ महाग तेवढी ही सोय दुर्मिळ! रोलेक्सच्या एक्सप्लोररला ईझीलिंक आहे, पण सोन्याच्या डे-डेटला, त्या प्रेसिडेंट चेनला, नाही. का तर बकल लपलेलं पाहिजे, चेन अखंड दिसली पाहिजे. २०२५ ला आलेल्या लँड-ड्वेलरचंही तेच. पाटेकचं नॉटिलस १९७६ चं, त्याला बकलमध्ये लॉक होणारी अ‍ॅडजस्टमेंट मिळाली २०२२ ला, ५८११ मॉडेलमध्ये, तीपण २ ते ४ मिमी. ऑडेमार्स पिगेच्या रॉयल ओकच्या बहुतेक मॉडेल्सना तर अजूनही काही नाही. दिसायला सुंदर, त्यात वाद नाही, बकल पातळ राहतं हेही कबूल, पण एवढे पैसे मोजून दुपारी बकल उघडं टाकून बसायचं हे मला काही पटत नाही.

घेणार असाल तर चेन मापात करून घेताना एक बघा. काउंटरवरचा माणूस ईझीलिंक बंद ठेवूनच कड्या काढतोय ना ते विचारा, कारण ती उघडी ठेवून माप घेतलं तर उन्हाळ्यासाठी हातात काहीच उरत नाही. शक्यतो सकाळच्या वेळी किंवा एसीत थोडा वेळ बसून माप द्या, बकल मनगटाच्या मध्यावर येतंय का बघा, नाहीतर डायल एका बाजूला कलंडते. काढलेल्या कड्या स्क्रूसकट मागून घ्या आणि डबीत टाका. पुढे विकायला काढलं की गिऱ्हाईक पहिलं हेच विचारतं की सगळ्या कड्या आहेत का, आणि मनगट जाड असलेला माणूस कड्या कमी म्हणून सरळ फिरून जातो.

सेकंडहँड बघत असाल तर ती कडी उघडझाप करून बघाच. घाम आणि धूळ बिजागरीत जाऊन बसते, ग्लाइडलॉकच्या खाचांमध्ये तर काळा चिकटा साचतो. तो साबणाच्या पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने निघतो, पण बिजागरीच ढिली झाली असेल तर अख्खं बकल बदलायला लागतं आणि त्याचा खर्च आधी विचारून मगच भाव करा.