मंजुरी एकाची, शिक्का दुसऱ्यावर

"या रिपोर्टवर माझी मंजुरी दिसते आहे. मी हा रिपोर्ट उघडलेलासुद्धा नाही."

एका पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांची ही तक्रार आमच्यापर्यंत आली तेव्हा तिकिटावर प्राधान्य 'मध्यम' असं लिहिलेलं होतं. ज्याने लिहिलं त्याला मंजुरी म्हणजे काय हे कुणी सांगितलेलंच नसणार. आमच्या सिस्टिममध्ये तपासणीच्या यंत्रांकडून आलेले निकाल आधी 'प्रलंबित' राहतात. डॉक्टर ते बघतात, काही खटकलं तर नमुना पुन्हा लावायला सांगतात, पटलं की मंजूर करतात. मंजूर झाल्याबरोबर रिपोर्ट रुग्णाला दिसू लागतो. त्यामुळे कुणी न बघितलेला रिपोर्ट मंजूर होणं यापेक्षा वाईट या सिस्टिममध्ये काही घडू शकत नाही. सर्व्हर तासभर बंद पडला तरी मला एवढी धास्ती वाटली नसती.

लॉग उघडले तर सगळीकडे दोनशे, म्हणजे 'सगळं ठीक' सांगणारा सर्व्हरचा कोड. एक्सेप्शन नाही, टाइमआउट नाही. डॉक्टरांनी मंजुरीचं बटण दाबल्याची नोंद होती, पण ती दुसऱ्याच रिपोर्टवर: ७९६९१७७६०५१५९११६८७. डेटाबेसमध्ये शिक्का बसला होता ७९६९१७७६०५१५९११६८० वर. आणि ६८७ अजून प्रलंबितच. (आयडी बदलून लिहिते आहे, गणित तेच आहे.)

पहिल्याच कॉलवर दोन अनुभवी सहकाऱ्यांनी 'रेस कंडिशन' (दोन कामं एकाच वेळी चालून एकमेकांत गुंतणं) असं निदान करून टाकलं. कारण सापडलं नाही की रेस कंडिशन म्हणायचं, ही आमच्या क्षेत्रातली एक वाईट सवय आहे. त्या निदानाने लोक थ्रेड आणि लॉक शोधत बसतात, आणि मुख्य प्रश्न बाजूला राहतो: चुकीचा आयडी नेमका हाच का? योगायोगाने चुकला असता तर कुठलाही आला असता. हा तर दोघांच्यात सातचं अंतर असलेला, त्याच बॅचमधला, खरोखर अस्तित्वात असलेला रिपोर्ट होता.

त्यात ब्राउझरने आणखी गोंधळ घातला. एका सहकाऱ्याने क्यूमधला (एका सर्व्हिसकडून दुसरीकडे जाणाऱ्या मेसेजच्या रांगेतला) मंजुरीचा ईव्हेंट ब्राउझरच्या कन्सोलमध्ये पेस्ट करून पार्स केला, म्हणजे मजकुरातून डेटा वाचून घेतला, तर आयडी दिसला ७९६९१७७६०५१५९११७००. म्हणजे खरा ६८७, डेटाबेसमध्ये ६८०, आणि कन्सोलमध्ये ७००. तीन ठिकाणी तीन आकडे. त्यावरून दोन वेगवेगळे बग आहेत असं ठरलं आणि माणसं वाटून दिली गेली. त्या वाटणीतच सगळ्यात जास्त वेळ गेला.

हा गुंता सोडवला टीममधल्या सगळ्यात नव्या मुलाने. त्याने चुकून मंजूर झालेल्या रिपोर्टची यादी घेतली, आयडी बायनरीत मांडले आणि म्हणाला, "हे सगळे बारा शून्यांवर संपतायत." तिथून पुढे सगळं उलगडत गेलं.

आमचे आयडी 'स्नोफ्लेक' पद्धतीचे आहेत. ही पद्धत ट्विटरने २०१० मध्ये आणली. ६४ बिटांचा पूर्णांक असतो: वरचा एक बिट मोकळा, मग ४१ बिट वेळेचे (ठरावीक क्षणापासूनचे मिलिसेकंद), १० बिट मशीनचे आणि शेवटचे १२ बिट अनुक्रमांकाचे. त्याच मशीनवर त्याच मिलिसेकंदात दुसरा आयडी लागला तर अनुक्रमांक एकने वाढतो. पुढचा मिलिसेकंद आला की पुन्हा शून्य. पद्धत चांगली आहे, मला आजही आवडते. मशीनना एकमेकांना विचारावं लागत नाही, आणि आयडी साधारण काळाच्या क्रमाने लागतात.

पण आमच्या सर्व्हिस हे आयडी एकमेकांना जेसनमध्ये, म्हणजे डेटा मजकूर म्हणून लिहायच्या पद्धतीत, पाठवतात. आणि जेसनमध्ये आकडा किती मोठा असावा याला बंधनच नाही. व्याकरण म्हणतं, अंक लिहा, हवे तितके लिहा. वाचणारा ते कशात साठवेल हे त्याच्यावर सोडलेलं आहे. आरएफसी ८२५९, म्हणजे २०१७ चं सध्याचं मानक, एवढंच सांगतं की बहुतेक ठिकाणी आयईईई ७५४ चा डबल (६४ बिटांत दशांश आकडा साठवायची पद्धत, ज्यात अचूक अंकांसाठी ५३ च बिट मिळतात) वापरतात, म्हणून उणे (२ चा ५३ वा घात − १) ते अधिक (२ चा ५३ वा घात − १) या पट्ट्यातल्या पूर्णांकांवरच सगळ्यांचं एकमत होईल असं धरा. तो घात म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२, सोळा अंकी. आमचे आयडी अठरा अंकी. स्नोफ्लेकच्या रचनेत मोजणी सुरू झाल्यापासून पंचविसाव्या दिवशीच ही मर्यादा ओलांडली जाते. मग दर वेळी उलटलेला काळ दुप्पट झाला की आणखी एक बिट हातातून जातो. आमची मोजणी सुरू होऊन सहा वर्षं झाली आहेत, म्हणजे सात बिट गेलेत. दोन लागोपाठच्या डबलमध्ये आता १२८ चं अंतर आहे.

हे एकदा मांडलं की बाकीचं सरळ आहे. ६८० चा अनुक्रमांक शून्य, त्यामुळे तो १२८ च्या पटीत आहे आणि डबलमध्ये अचूक बसतो. ६८७ चा अनुक्रमांक सात, तो बसत नाही आणि जवळच्या डबलवर जातो, म्हणजे ६८० वर. एका मिलिसेकंदात तयार झालेल्या रिपोर्टपैकी एक ते त्रेसष्ट अनुक्रमांकाचे सगळे त्या पहिल्या रिपोर्टवर जाऊन पडतात. आणि तो पहिला रिपोर्ट खरा असतो. नसता तर 'सापडला नाही' असं उत्तर आलं असतं आणि पहिल्याच दिवशी पकडलं गेलं असतं.

यामुळेच टेस्टिंगमध्ये काही दिसलं नव्हतं. हाताने एकेक रिपोर्ट भरला तर प्रत्येकाचा मिलिसेकंद वेगळा, प्रत्येकाचा अनुक्रमांक शून्य, प्रत्येक आयडी डबलमधून सहीसलामत परत येतो. प्रयोगशाळेचं यंत्र पूर्ण ट्रेचे निकाल एका रिक्वेस्टमध्ये पाठवतं आणि आमचा लूप त्यांना एका दमात आयडी देतो, तेव्हाच अनुक्रमांक चढतात. आमच्या युनिट टेस्टमध्ये आयडी होते १, २ आणि ४२. लोड टेस्ट होती, पण ती 'इतके ईव्हेंट आत, इतके बाहेर' एवढंच मोजायची. संख्या बरोबर जुळायची. कोणता ईव्हेंट कुणाला लागला हे तिने कधी विचारलंच नाही.

आता डबल आला कुठून? मुख्य सर्व्हिस जावामध्ये आहे आणि आयडी तिथे लाँग, म्हणजे ६४ बिटांचा पूर्णांक, आहे. ब्राउझरला जाणाऱ्या एपीआयमध्ये हा धोका आधीच ओळखून जॅक्सन या जावाच्या जेसन लायब्ररीतल्या ऑब्जेक्टमॅपरला, म्हणजे जेसन लिहिणाऱ्या भागाला, सांगितलेलं होतं की लाँग स्ट्रिंग (साधा मजकूर) म्हणून लिही. पण क्यूवर ईव्हेंट टाकणाऱ्या मॉड्यूलने स्वतःचा नवा ऑब्जेक्टमॅपर बनवला होता, कोऱ्या सेटिंगचा. एका प्रोजेक्टमध्ये दोन ऑब्जेक्टमॅपर असणं ही गोष्ट मी रिव्ह्यूमध्ये इतक्यांदा अडवली आहे की लोक कंटाळतात. कंटाळू देत. तारखांचा फॉरमॅट, नल फील्ड, ईनमचं नाव, सगळ्या सिरियलायझेशनच्या (डेटा मजकुरात उतरवण्याच्या) भांडणांची सुरुवात तिथेच होते.

तरीही क्यूमधला मजकूर बरोबर होता. बाइट्समध्ये ६८७ च लिहिलेलं होतं, हे मी स्वतः कच्चा मेसेज काढून बघितलं. बिघडत होतं ते वाचताना. मंजुरी लावणारी सर्व्हिस गो या भाषेत आहे. ईव्हेंटचे प्रकार अनेक, म्हणून ती प्रत्येक मेसेज एका सैल मॅपमध्ये उघडते, ज्याच्या व्हॅल्यूचा प्रकार ठरलेला नाही. गोचं डॉक्युमेंटेशन स्पष्ट सांगतं की अशा वेळी जेसनचा प्रत्येक आकडा फ्लोट६४, म्हणजे डबलच, होतो. पुढच्याच ओळीत त्या फ्लोटचा इंट६४ (६४ बिटांचा पूर्णांक) केलेला होता. कंपायलर खूश, लिंटर खूश. ओळ लिहिणारा माणूस नोकरी सोडून गेला आहे, आणि कॉलवर त्याला नावं ठेवणं सोपं होतं. मला ते पटलं नाही. ती ओळ रिव्ह्यूमधून गेली होती आणि तशीच ओळ मी इतर कितीतरी कोडबेसमध्ये वाचली आहे.

कन्सोलमधल्या ७०० चंही कोडं यातच सुटलं. जावास्क्रिप्ट डबल छापताना त्याची पूर्ण किंमत छापत नाही. त्याच डबलवर परत नेणारं सगळ्यात कमी अंकांचं रूप छापते आणि उरलेल्या जागी शून्यं भरते. म्हणजे आत ६८० च होतं, दिसत ७०० होतं. गोमध्ये इंट६४ करून छापल्यामुळे खरी किंमत दिसली. बग एकच होता. जेसन चाळायचा प्रोग्रॅम जेक्यूसुद्धा १.७ च्या आधीच्या आवृत्त्यांमध्ये मोठे आकडे असेच बदलून दाखवायचा. तेव्हापासून टीममध्ये एक नियम केला आहे: आयडीचा वाद असेल तर कच्चे बाइट्स बघायचे, पार्स करून सुबक मांडणाऱ्या कुठल्याही टूलवर विश्वास ठेवायचा नाही.

दुरुस्ती करताना क्रम महत्त्वाचा होता. आधी गोच्या सर्व्हिसला आयडी आकडा आणि स्ट्रिंग अशा दोन्ही रूपांत, तोही अंक न गमावता वाचता येईल असं केलं. त्यासाठी डीकोडरला आकडे मूळ मजकुरासारखे ठेवायला सांगण्याची सोय गोमध्ये आहे. ते सगळीकडे डिप्लॉय झाल्यावरच जावाकडून आयडी स्ट्रिंगमध्ये पाठवायला सुरुवात केली. उलट केलं असतं तर क्यूमध्ये आधीच पडलेले मेसेज फुटले असते. ही युक्ती नवीन नाही. ट्विटरने २०१० मध्येच आकडी आयडीशेजारी 'आयडी_एसटीआर' फील्ड दिलं. प्रोटोबफ (डेटा पाठवायचा आणखी एक फॉरमॅट) जेसनमध्ये लिहिताना इंट६४ आपणहून स्ट्रिंग करतो. इतक्या वर्षांपूर्वी सुटलेला प्रश्न आपल्याकडे शिल्लक राहतो याचा मला राग येतो. दोन आयडींची बेरीज कुणी करत नाही. मग त्याला आकडा म्हणून पाठवायचा हट्ट कशाला?

कोडपेक्षा डेटा निस्तरणं अवघड गेलं. बटण दाबल्याची ऑडिट नोंद जावाच्या बाजूला खऱ्या आयडीने होत होती, म्हणून 'शिक्का आहे पण बटण दाबलेलं नाही' असे रिपोर्ट वेगळे काढता आले. त्याच वेळी जुनी तिकिटं वर आली. 'मंजूर केलं तरी प्रलंबित दिसतं' अशा तक्रारी कितीतरी आधीपासून येत होत्या. सपोर्टकडे हाताने स्थिती बदलायचं एक पान आहे. ते थेट डेटाबेसमध्ये लिहितं. प्रत्येक तक्रार त्या पानावरून मिटवली गेली होती आणि 'वापरकर्त्याचं नेटवर्क संथ' असा शेरा मारून बंद केली होती. सपोर्टच्या लोकांना मी दोष देणार नाही, त्यांची कामगिरी तिकीट किती लवकर बंद होतं यावरच मोजली जाते. ज्यांनी ते मोजमाप ठरवलं त्यांना मात्र देईन. प्रत्येक अडकलेल्या मंजुरीमागे एक भलतीकडे लागलेली मंजुरी होती. पहिल्या तक्रारीचा माग काढला असता तर दुसरी गोष्ट तेव्हाच सापडली असती.

न बघता मंजूर झालेल्या रिपोर्टची यादी प्रयोगशाळेला पाठवली, म्हणजे डॉक्टरांना प्रत्येक रिपोर्ट पुन्हा तपासता येईल. काही वेळाने त्यांचा निरोप आला की यादीतले आयडी सापडतच नाहीत. आमच्याकडून सीएसव्ही गेली होती आणि त्यांनी ती एक्सेलमध्ये उघडली होती. एक्सेल पंधराच सार्थ अंक ठेवतं, त्यामुळे प्रत्येक आयडीच्या शेवटी तीन शून्यं. बगची दुरुस्ती त्याच जातीच्या बगने बिघडली. मग यादी पीडीएफमध्ये, नमुन्याच्या बारकोडसह पाठवली.

डॉक्टरांनी पुन्हा तपासलेल्यांपैकी किती रिपोर्टमध्ये बदल करावा लागला हे प्रयोगशाळेने आम्हाला कळवलं नाही, आणि तो त्यांचा अधिकार आहे. पण तो आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. आमच्या बाजूने मी एक प्रस्ताव मांडला आहे: सिस्टिमबाहेर जाणाऱ्या प्रत्येक आयडीच्या सुरुवातीला एक अक्षर लावायचं, म्हणजे कुठल्याही भाषेला, क्यूला किंवा स्प्रेडशीटला तो आकडा वाटणारच नाही. विरोध होतो आहे. जुन्या इंटिग्रेशन बदलाव्या लागतील, भागीदारांना कळवावं लागेल, हे खरंच आहे. आर्किटेक्चरच्या बैठकीत विषय दोनदा पुढे ढकलला गेला. पुढच्या बैठकीला मी ती तिकिटं घेऊन जाणार आहे, प्रत्येकाच्या शेजारी, त्यातली मंजुरी भलतीकडे लागल्यामुळे न बघता मंजूर झालेला रिपोर्ट लिहून.