लोकप्रशासन घेऊन बीए केलं, त्याबद्दल

मी सांगली जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे. बारावीनंतर लग्न झालं आणि शिक्षण तिथंच थांबलं. मुलगा शाळेत जायला लागल्यावर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात बीएला नाव घातलं. मैत्रिणी म्हणाल्या, मराठी नाहीतर इतिहास घे, सुटशील. मी लोकप्रशासन घेतलं. दिवसभर दाखले आणि नमुना ८ चे, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीचे, उतारेच काढत होते, म्हटलं त्यामागचं शास्त्र तरी कळू दे. सासूबाईंनी गावभर सांगितलं, सून कलेक्टर होणार!

प्रवेश, फी, गृहपाठ यात सांगण्यासारखं फार नाही. पुस्तकं उशिरा हातात पडली, रविवारच्या संपर्कसत्राला आम्ही मोजकेच असायचो.

पहिली अडचण आली ती विचारवंतांची. वुड्रो विल्सनचा प्रशासनाच्या अभ्यासावरचा १८८७ चा लेख, मग टेलर, फेयॉल, वेबर. गुलिकचं १९३७ मधलं 'पोस्डकॉर्ब' तर मी भाकरी थापताना पाठ केलं, प्रशासकाच्या सात कामांच्या इंग्रजी आद्याक्षरांचा शब्द: नियोजन, संघटन, कर्मचारी व्यवस्था, निर्देशन, समन्वय, अहवाल, अंदाजपत्रक. पाठ झालं, पण डोक्यात काही उतरेना. ही मंडळी पुस्तकात फारच कोरडी करून ठेवलीत, हे माझं मत आजही कायम आहे.

गाडी रुळावर आली ती फ्रेड रिग्ज या अमेरिकन अभ्यासकामुळे. विकसनशील देशांत कागदावरचा नियम आणि प्रत्यक्षातला व्यवहार यांत मोठी दरी असते, असं तो म्हणतो. वाचलं आणि आमची ग्रामसभाच डोळ्यांपुढे आली. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक लागतात. ठरलेल्या वेळी मारुतीच्या देवळात सरपंच, भाऊसाहेब (म्हणजे ग्रामसेवक), शिपाई, मी आणि कट्ट्यावरची चार म्हातारी माणसं. अर्धा तास वाट बघायची, गणपूर्तीअभावी सभा तहकूब अशी नोंद करायची आणि पुढची तारीख लावायची. तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही! त्या दिवशी तेच आठ जण बसून सगळे ठराव मंजूर. नियम कुठंच मोडला नाही, आणि ग्रामसभाही झाली नाही. परीक्षेत रिग्जवर प्रश्न आला तेव्हा हेच लिहिलं.

मग सवयच लागली. जो मुद्दा येईल त्याला आपल्या भागातलं उदाहरण शोधायचं. स्थानिक स्वराज्याच्या पेपरला तर लांब जावंच लागलं नाही. पंचायत राज कसं असावं हे सुचवणारी वसंतराव नाईक समिती, १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांचा कारभार. हा कायदा झाला तेव्हा मुख्यमंत्री होते यशवंतराव, आमच्याच जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्यात जन्मलेले. त्यांच्याच नावाच्या विद्यापीठाचा पेपर लिहितोय, याची गंमत वाटायची.

आपत्ती व्यवस्थापन शिकताना मात्र गंमत वाटली नाही. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांवर इशारा पातळी, ४५ फुटांवर धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी त्याच्याही कितीतरी वर गेलं होतं. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, आणि सहअध्यक्ष निवडून आलेले जिल्हा परिषद अध्यक्ष. हे वाचल्यावर पहिल्यांदा कळलं की पुराच्या वेळी कुणाला काय विचारायचं असतं. तोवर आम्ही सगळे भाऊसाहेबांनाच धारेवर धरत होतो, आणि त्यांच्या हातात होती एक यादी आणि चार्जिंग संपलेला मोबाईल.

आता बायका विचारतात, हे घेऊन नोकरी लागते का? या पदवीवर थेट कुठलं पद मिळत नाही. राज्यसेवेला कुठल्याही शाखेची पदवी चालते. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत लोकप्रशासन वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो, ५०० गुणांचा. तिथं हा अभ्यास कामी येतो. माझं म्हणाल तर टेबल तेच आहे, मानधनही तेवढंच. दाखला अडला की आता मात्र मी २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यातली मुदत सांगते आणि पहिलं अपील कुणाकडं करायचं तेही. भाऊसाहेब अधूनमधून डोळे वटारतात. एमएचा अर्ज भरायचा विचार चाललाय, सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.