टोकन द्यायच्या आधी सातबारा शेवटच्या रकान्यापर्यंत वाचा

ऑफिसमधली पोरं हल्ली विचारतात, दादा पहिल्यांदाच प्रॉपर्टीत पैसे घालायचेत, कुठे घालू. कुठे ते नंतर बघू, आधी कागद बघायला शिका, हे मी अगदी कळकळीने सांगतोय कारण 2019 ला माझे दोन लाख जाता जाता राहिले.

मुळशीकडे दोन गुंठ्याचा प्लॉट होता. एजंट रविवारी गाडीतून घेऊन गेला, समोर डोंगर, चुन्याने आखलेले रस्ते, आणि आज टोकन दिलं तर हा रेट, पुढच्या आठवड्यात वाढणार. मी चेकबुक घेऊनच गेलो होतो. बाबा म्हणाले आधी सातबारा काढ, सही नंतर. काढला. पाच भावांची नावं, क्षेत्र सामाईक, म्हणजे माझे दोन गुंठे त्यातले नेमके कुठले हे कागदावर कुठेच नाही. शेतजमीन, एनए (बिगरशेती) झालेली नाही, अशी जमीन शेतकऱ्यालाच घेता येते आणि आम्ही शेतकरी नाही, मग खरेदीखत होणार कसं? त्यात इतर हक्काच्या रकान्यात दोन बहिणींची नावं आणि शेजारी फेरफार नंबर, म्हणजे मालकी हक्कातल्या बदलाच्या नोंदीचा नंबर. तो फेरफार काढला तर वडील गेल्यावरची वारसनोंद निघाली. हक्कसोड झालंय का, म्हणजे बहिणींनी वाटा लेखी सोडलाय का, विचारलं तर एजंट म्हणे, त्या काय बोलत नाहीत हो, लग्न होऊन गेल्यात.

अहो लग्न होऊन गेल्या म्हणून हक्क जात नाही ना! 2005 च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा मुलाइतकाच. मी तिथूनच परत फिरलो. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन 15 रुपयात मिळतो, 15 रुपये! आणि 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जमिनीच्या जुन्या व्यवहारांची तपासणी, वकिलाकडून घ्यायचा, तो वकील आपण शोधलेला हवा, एजंटने आणलेला नको.

बिल्डरकडून नवीन फ्लॅट घेत असाल तर महारेराच्या (बिल्डरांवर नजर ठेवणारं सरकारी प्राधिकरण) साइटवर प्रोजेक्टचा नंबर टाकून ताब्याची तारीख आणि कोर्ट केसेस बघा, आणि रजिस्टर अ‍ॅग्रीमेंट व्हायच्या आधी किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त पैसे देऊ नका, कायद्याने त्याला मागताच येत नाहीत.

आता भाड्याचं. भाड्यातून हप्ता निघतो असं जो सांगेल त्याच्यासमोर कागद पेन ठेवा. मी पुण्यात 42 लाखाला रिसेल वन बीएचके घेतला, बायकोच्या एकटीच्या नावावर, म्हणून स्टॅम्प ड्युटी 7 ऐवजी 6 टक्के लागली, 42 हजार वाचले. रजिस्ट्रेशन 30 हजार धरून पावणेपंचेचाळीस लाखाच्या वर गेलं. भाडं 13 हजार. वर्षात एक महिना रिकामा धरा, मेंटेनन्सचे 24 हजार आणि प्रॉपर्टी टॅक्सचे 8 हजार काढा, हातात राहतात 1 लाख 11 हजार, म्हणजे वर्षाला अडीच टक्के. आणि 30 लाखाच्या लोनचा साडेआठ टक्क्याने 20 वर्षांचा हप्ता 26 हजार, भाड्याच्या बरोबर दुप्पट. फरक दर महिन्याला आपल्या पगारातून जातो, तो झेपणार असेल तरच घ्या.

आम्ही सहा महिन्यांचे हप्ते वेगळ्या खात्यात टाकून ठेवले आणि मगच सही केली. पहिला भाडेकरू यायला तिसरा महिना उजाडला.